कारखाना परक्यांच्या हाती जातो तेव्हा

मोटारसायकल हे यंत्र आमच्या यवतमाळ जिल्ह्यात आता नवलाचे राहिलेले नाही. दारव्हा, पुसद, वणी, पांढरकवडा, कोणत्याही गावच्या बाजाराच्या दिवशी दुचाक्यांच्या रांगाच रांगा दिसतात. परंतु त्या यंत्रावर जे नाव असते, त्यामागचा कारखाना कोणाचा, आणि तो एका देशातून दुसऱ्या देशातील धन्याकडे जातो तेव्हा नेमके काय जाते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. आज याच प्रश्नाचा थोडा उलगडा करू.

आरंभ इटलीपासून करणे योग्य होईल. कारण मोटारसायकलीच्या कारखान्यांची जितकी खरेदी-विक्री त्या देशात झाली, तितकी क्वचितच अन्यत्र झाली असेल. बोलोन्या शहरातील डुकाटी ही पेढी १९२६ साली निघाली, ती मोटारसायकलींसाठी नव्हे, तर रेडिओला लागणारे सुटे भाग तयार करण्यासाठी. रेडिओच्या श्रोत्यांस ही गोष्ट ऐकून गंमत वाटेल. दुसऱ्या महायुद्धात तिच्या कारखान्यावर बाँब पडले. युद्धानंतर तिने सायकलीला जोडावयाचे एक चिमुकले एंजिन हाती घेतले, आणि तेथून तिचा मार्ग बदलला. पुढे १९८५ साली ती काजीवा या इटालियन पेढीकडे गेली, १९९६ साली अमेरिकन भांडवलदारांकडे, नंतर पुन्हा इटालियन भांडवलाकडे, आणि अखेर २०१२ साली जर्मनीच्या आउडी कंपनीकडे. इतके धनी झाले, तरी कारखाना बोलोन्यातच राहिला.

दुसरे उदाहरण एम. व्ही. आगुस्ता या नामांकित पेढीचे. शर्यतींत एके काळी तिचा दरारा होता. मलेशियाच्या प्रोटॉन कंपनीने २००४ च्या अखेरीस तिचे निम्म्याहून अधिक भाग सुमारे सात कोटी युरोंना घेतले, आणि अवघ्या वर्षभरात ते एका युरोला विकून टाकले! ऐकणाऱ्यास वाटेल, हा व्यवहार आहे की थट्टा? वस्तुतः थट्टा मुळीच नव्हती. घेणाऱ्याने पेढीबरोबर तिचे कर्जही डोक्यावर घेतले होते. गहाणाचे घर नाममात्र किमतीला घेऊन सावकाराचे देणे आपण फेडावे, तसाच हा प्रकार. म्हणून विक्रीची बातमी वाचताना किमतीच्या आकड्यावरून काहीच ठरवू नये; त्या आकड्यामागे देणे किती आहे, हे आधी पाहावे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कारखान्यात विकण्याजोग्या गोष्टी चार असतात. पहिली त्याचे नाव. कापूस विकणाऱ्यास भाव एकदाच मिळतो. पण कापडावर ज्याची मोहर असते, त्यास तो पुन्हा पुन्हा मिळत राहतो. दुसरी गोष्ट यंत्रे आणि आराखडे. तिसरी परवाना, म्हणजे आमचा माल तुम्ही अमुक मुदतीपर्यंत तयार करा अशी परवानगी. शेत मक्त्याने घेण्यासारखाच हा व्यवहार. चौथी गोष्ट भाग, ज्यांस आपण शेअर म्हणतो. ज्याच्या हाती निम्म्याहून अधिक भाग, त्याचा शब्द अखेरचा. या चारही गोष्टी एकदमच विकल्या जातात असे नाही, आणि कोणती विकली गेली यावर पुढचे सारे अवलंबून असते. सुदैवाने आपल्याच देशात या निरनिराळ्या प्रकारांचे नमुने घडले आहेत.

यंत्रांच्या खरेदीचा नमुना लॅम्ब्रेटाचा. मिलान शहराच्या लाम्ब्राते या उपनगरात इनोचेंती यांच्या कारखान्यात १९४७ पासून ही स्कूटर तयार होऊ लागली. लाम्ब्रो नावाच्या नदीवरून तिचे नाव पडले. मुंबईच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने ती परवान्याने आपल्याकडे आणली, आणि कित्येक मध्यमवर्गीय कुटुंबांची ती पहिली गाडी ठरली. इटलीत मात्र स्वस्त छोट्या मोटारी निघताच स्कूटरचा खप ओसरला, आणि १९७१ साली तेथील उत्पादन थांबले. तेव्हा भारत सरकारने १९७२ साली स्कूटर्स इंडिया ही कंपनी स्थापून यंत्रसामग्री, आराखडे आणि हक्क विकत घेतले, व कारखाना लखनौस उभारला. १९७५ पासून तेथून ‘विजय सुपर’ या नावाची स्कूटर बाहेर पडू लागली. एका युरोपीय कारखान्याचे सर्वस्व भारताने विकत घेतले, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. परंतु यंत्रे आली, तरी यंत्रांना दर वर्षी नवे रूप देणारी बुद्धी काही पेटीत भरून येत नाही. लखनौची दुचाकी १९९७ साली बंद पडली. पुढे तीनचाकी गाड्यांवर कंपनीने तग धरला, आणि २०२१ साली सरकारने ती बंद करण्याचे ठरविले.

परवान्याचा नमुना आपल्या शेजारचाच आहे. वर्ध्याचे जमनालाल बजाज यांचे नाव वऱ्हाड-नागपूरकडील कोणत्या घरात ठाऊक नाही? त्यांच्या निधनानंतर, १९४५ साली, त्या घराण्याने बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही पेढी काढली. १९४८ पासून ती परदेशी दुचाक्या आणून विकू लागली. १९५९ साली तिला सरकारकडून उत्पादनाची अनुज्ञा मिळाली, आणि १९६० साली इटलीच्या पियाज्यो कंपनीशी करार होऊन पुण्याजवळ आकुर्डीस व्हेस्पा तयार होऊ लागली. करार १९७१ साली संपला. मक्त्याची मुदत सरली की शेत मूळ मालकाकडे जाते. परंतु मक्तेदार नांगरणी-पेरणी शिकला असेल, तर ते ज्ञान कोणी परत नेऊ शकत नाही. बजाज कंपनीने १९७२ साली राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव देऊन ‘चेतक’ बाजारात आणली. ती मिळविण्यासाठी लोक वर्षानुवर्षे क्रमांक लावून बसत.

आता भागांच्या खरेदीचा नमुना, आणि तो अगदी अलीकडचा आहे. ऑस्ट्रियात माटिगहोफेन नावाचे एक लहान गाव आहे. १९३४ साली तेथे निघालेल्या एका दुरुस्तीच्या कर्मशाळेतून के. टी. एम. हा कारखाना वाढला. बजाज कंपनीने २००७ साली त्याचे सुमारे साडेचौदा टक्के भाग घेतले. हा वाटा वाढत वाढत निम्म्याच्या जवळ गेला, आणि त्या कारखान्याच्या लहान मोटारसायकली पुण्याजवळ चाकण येथे तयार होऊन जगभर जाऊ लागल्या. पुढे खपापेक्षा उत्पादन अधिक झाले, न विकलेला माल साचला, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात के. टी. एम.ने दिवाळखोरीचा अर्ज केला. शेकडो कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. काही महिने कारखाना बंद राहिला. न्यायालयाच्या देखरेखीखाली असे ठरले, की ज्याचे शंभर येणे असेल त्यास तीस मिळावेत. ती रक्कम उभी करण्यासाठी व कारखाना पुन्हा चालविण्यासाठी बजाज कंपनीने एकूण ८० कोटी युरो पुरविले, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात कारखान्याची सत्ता तिच्याकडे आली. ज्या एम. व्ही. आगुस्ताचा उल्लेख मघा केला, तिचेही निम्म्याहून अधिक भाग मध्यंतरी याच के. टी. एम.कडे होते, या संकटात ते तिला सोडावे लागले.

ही वार्ता ऐकून आपला ऊर भरून येणे स्वाभाविक आहे. परंतु क्षणभर माटिगहोफेनच्या कामगाराच्या जागी स्वतःस कल्पून पाहावे. त्याच्या गावाचा कारखाना परक्यांच्या हाती गेला, असेच तो म्हणत असेल. आपल्याही जिल्ह्याने परक्या मालकीचा अनुभव घेतला आहे. मुर्तिजापूर ते यवतमाळ ही शकुंतला रेल्वे किलिक निक्सन या पेढीच्या कंपनीने कापूस वाहून नेण्यासाठी बांधली. देशातील रेल्वेमार्ग सरकारी झाले, तरी या मार्गाची मालकी कंपनीकडेच राहिली. गाड्या मात्र रेल्वे खाते चालवी. मालक एक आणि चालक दुसरा, अशा स्थितीत रुळांची डागडुजी मागे पडत गेली, गाडीचा वेग मंदावला, आणि अखेर ती धावेनाशी झाली. मालक परका असला एवढ्यानेच नुकसान होते असे नाही. ज्याला त्या वस्तूवर पुढे खर्च करावयाचा नाही, असा मालक मिळाला म्हणजे नुकसान होते. तो आपला असो वा परका.

तेव्हा अशी बातमी वाचनात आली, तर हर्ष वा खेद करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. काय विकले गेले: नाव, यंत्रे, परवाना, की निम्म्याहून अधिक भाग? देणे कोणी घेतले? नवी गाडी कशी असावी हे ठरविणारे कसबी लोक यापुढे कोठे बसणार? आणि कारखान्यावर पोट भरणाऱ्या गावाचे काय होणार? डुकाटीच्या बाबतीत या शेवटच्या दोन प्रश्नांचे उत्तर बोलोन्या असेच राहिले, म्हणून परक्या मालकीचा डंख तेथे फारसा जाणवला नाही. लॅम्ब्रेटाच्या यंत्रांना लखनौस नवे घर मिळाले. पण त्या घरात नवे आराखडे पुरेसे जन्मले नाहीत. माटिगहोफेनच्या प्रश्नांचे उत्तर अद्याप लिहावयाचे आहे, आणि या वेळी लेखणी आपल्या माणसांच्या हाती आहे. ते ती कशी चालवितात, हे आपण लक्षपूर्वक पाहिले पाहिजे. कारण आपल्या गावचा एखादा कारखाना उद्या दुसऱ्याच्या हाती गेला, तर ज्या वागणुकीची आपण अपेक्षा धरू, तीच आज देण्याची पाळी आपल्यावर आली आहे.