सीतापुऱ्याच्या फाटकाबाहेर

जयपूर मागे टाकून टोंक रस्त्याने दक्षिणेकडे निघाले, की सांगानेरनंतर सीतापुरा लागते. रिको या राज्य महामंडळाने वसवलेली ही औद्योगिक वसाहत आपल्याकडच्या वाचकाला आठवत असली, तर ती एका दुर्घटनेमुळे. ऑक्टोबर २००९ मध्ये येथल्या तेलसाठ्याला लागलेली आग कित्येक दिवस विझत नव्हती. जवाहिरांच्या व्यापाऱ्यांना मात्र सीतापुरा निराळ्या कारणाने ठाऊक आहे. रत्ने आणि आभूषणांचे विशेष आर्थिक क्षेत्र येथे आहे. कोलंबिया आणि झांबियाच्या खाणींतले कच्चे पाचू जयपुरात येतात, त्यांना पैलू पडतात आणि ते पुन्हा जगभर जातात. दर डिसेंबरात येथल्याच प्रदर्शन केंद्रात ‘जयपूर ज्वेलरी शो’ भरतो.

अशाच एका डिसेंबरात प्रदर्शन पाहून बाहेर पडलो आणि फाटकाशेजारच्या चहाच्या टपरीवर थांबलो. शेजारी पन्नाशीचा एक गृहस्थ फोनवर कोणाला तरी दटावत होता : “आरं, मूस गार झाल्याबिगर हात लावू नगंस म्हणून किती येळा सांगायचं?” माझी सारी नोकरी राजस्थानात गेली, इतक्या वर्षांनंतर ही बोली कानावर पडली, की मान आपोआप वळते. गाव विचारले. “खानापूर तालुका, सांगली जिल्हा. विट्याजवळ.” धंदा विचारण्याची गरज नव्हती. त्या मुलखातला माणूस मूस गार होण्याची वाट पाहत असेल, तर तो गलाईवालाच.

खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि पलीकडचे सातारा जिल्ह्यातले माण व खटाव हे सारे अवर्षणाचे टापू. तेथली शेतकरी कुटुंबांतली मुले काश्मीरपासून केरळपर्यंत प्रत्येक सराफकट्ट्याच्या मागच्या गल्लीत सोने-चांदी गाळण्याची दुकाने थाटून बसली आहेत. सराफाकडे आलेले जुने दागिने, वितळलेली लगड, कारागिराच्या कामातून उरलेला चुरा हे सारे त्यांच्याकडे येते. ते सोने मुशीत टाकणखाराबरोबर वितळवायचे, त्यात बेताने चांदी मिसळायची आणि तेजाबात सोडायचे. चांदी आणि तांबे विरघळून जाते, तळाशी तपकिरी भुकटी उरते. ती पुन्हा वितळवली की शुद्ध सोने. विरघळलेली चांदीही तांब्याच्या पट्ट्या घालून परत मिळवतात. या साऱ्याची मजुरी ग्रॅमला मोजके रुपये. चूल छोटी, खोली दहा बाय दहाची, आणि त्या खोलीत दिवसभरात कोणाचे किती सोने येऊन जाते याचा हिशेब ऐकला तर छाती दडपते. सराफ पावती न घेता सोने ठेवून जातो आणि संध्याकाळी टंच काढलेली लगड घेऊन जातो. हा सारा व्यवहार उभा आहे तो माणसाच्या नावावर.

त्या नावाची घडण कशी होते, हे मी त्या गृहस्थाकडून तासभर ऐकले. चौदाव्या-पंधराव्या वर्षी चुलत्याने त्यांना गावाहून आणले. चार वर्षे दुकानातच झोपायचे, जेवण शेठच्या घरी, हातात जुजबी पैसे. पुढे चुलत्याने लांबच्या एका शहरात जागा पाहून दिली. भट्टी, तराजू आणि पहिल्या सहा महिन्यांचे भाडेही दिले. कागद झाला नाही, व्याज ठरले नाही. अट एकच होती : आपल्या माणसाच्या गिऱ्हाइकाला हात लावायचा नाही. उरलेले भांडवल गाववाल्यांच्या भिशीतून उभे राहिले. पहिला लिलाव त्यांच्यासाठी सोडून दिला गेला. त्यांनी स्वतः आजवर अशीच पाच मुले उभी केली आहेत.

“आणि एखादा सोनं घेऊन पळाला तर?”

“पळंल की. पन जाईल कुठं? जत्रंला गावात यावं लागतंच. त्याच्या बापाला विचारत्यात, भावकीला विचारत्यात. पैसं भरून देत्यात. न्हाईतर त्या घरातल्या दुसऱ्या पोराला कुनी दुकानात घेत न्हाई.”

बँका ज्याला पतमूल्यांकन, तारण आणि वसुली म्हणतात, ती तिन्ही कामे येथे एक गाव करते, आणि तेही नगण्य खर्चात.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला थोडे भरकटण्याची मुभा असावी. मराठे जयपुरात प्रथम आले ते खंडणीच्या तगाद्याने. डिसेंबर १७५० मध्ये होळकरांच्या फौजा येताहेत हे कळल्यावर सवाई ईश्वरीसिंहाने विष घेतले. पुढच्याच महिन्यात शहरात शिरलेल्या मराठ्यांची नगरवासीयांनी कत्तल केली. त्या जयपुराची गल्लीबोळे आज मराठ्याच्या हाती विनापावती सोने सोपवतात. हे स्थित्यंतर कोणत्याही तहाने घडलेले नाही.

उलट दिशेचा प्रवास आपल्याला अधिक परिचित आहे. जयपूरच्या उत्तरेच्या शेखावाटीतून निघालेला मारवाडी दख्खनच्या खेड्यापर्यंत पोहोचला. मे १८७५ मध्ये सुप्याच्या कुणब्यांनी सावकारांची घरे गाठली, ती प्रामुख्याने कर्जरोखे जाळण्यासाठी. तेव्हापासून मराठी मनात कागद म्हणजे फास अशी काहीशी गाठ पडून राहिली आहे, असे मला वाटते. परंतु त्याच मारवाड्याची कलकत्त्यातली कहाणी पाहावी. परगावाहून आलेल्या तरुणाला तेथे ‘बासा’ मिळे. बासा म्हणजे जातभाईंची सामायिक खानावळ आणि निवारा. पहिली नोकरी, पहिली उधारी तेथूनच मिळे. इथवर विट्याचा गलाईवाला आणि पिलानीचा दलाल यांत फरक नाही. फरक पुढच्या पायरीवर पडला. घनश्यामदास बिर्लांनी १९१९ मध्ये ताग गिरणी काढली आणि युरोपीय कंपन्यांच्या वर्तुळाशी त्यांना झुंजावे लागले. १९२५ मध्ये कलकत्त्यात इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स उभे राहिले, १९२७ मध्ये फिक्की आली, १९४३ मध्ये युनायटेड कमर्शियल बँक. नात्यागोत्याचा विश्वास त्यांनी संस्थांमध्ये ओतला. त्या संस्था मग अनोळखी माणसाशीही व्यवहार करू शकल्या.

गलाईवाल्यांच्या बाबतीत ही पायरी राहून गेली. त्यात राज्यसंस्थेचाही वाटा आहे. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रण नियमांनी आणि पुढे १९६८ च्या कायद्याने शुद्ध सोन्याची लगड बाळगणे हाच सामान्य माणसासाठी गुन्हा ठरवला. १९९० मध्ये कायदा रद्द होईपर्यंत या धंद्याच्या तीन दशकांच्या वाढीवर संशयाचे सावट होते. चोरीचा माल घेतल्याच्या कलमाखाली पोलीस आजही प्रथम त्यांच्याच दारात येतात. ज्याला लपून राहण्याची सवय लावली, त्याच्याकडे नंतर ताळेबंद मागणे सोपे असते.

मीही तो मागितला आहे. पंचवीस-एक वर्षांपूर्वी दुसऱ्या एका जिल्ह्यात लघुउद्योगांच्या कर्जप्रस्तावांची छाननी करणाऱ्या समितीचा मी अध्यक्ष होतो. एका मराठी गलाईवाल्याचा अर्ज आला. त्याला तेजाबाचा धूर धुऊन काढणारे यंत्र आणि विजेची भट्टी घ्यायची होती. अर्जासोबत अकरा सराफांची पत्रे जोडली होती. हा माणूस वीस वर्षे आमचे सोने गाळतो आहे, अशा आशयाची. मी शेरा मारला : ‘तारण नाही. व्यवसाय जोखमीचा.’ आपल्या मुलखातल्या माणसाला झुकते माप दिले असे कोणी म्हणू नये, ही दक्षताही त्या शेऱ्यामागे होती. तिला मी तेव्हा निःपक्षपातीपणा समजत होतो. ती अकरा पत्रे हेच त्या फायलीतले सर्वांत भक्कम तारण होते. ते वाचण्याची रीत आमच्या नियमपुस्तिकेत नव्हती आणि मी ती शोधलीही नाही.

अशी रीत असू शकते. १९६० च्या दशकात क्यूबातून परागंदा होऊन मायामीत आलेल्या लोकांना तेथल्या काही बँकांनी ‘चारित्र्यकर्जे’ दिली. कर्जाचा निर्णय घेणारे अधिकारी स्वतः क्यूबन होते. अर्जदाराचे हवानातले दुकान, त्याचा बाजारातला लौकिक त्यांना ठाऊक होता. तारणाऐवजी ती माहिती चालली आणि त्यातून मायामीची क्यूबन बाजारपेठ उभी राहिली. पण त्याच कथेचा उत्तरार्धही ध्यानात घ्यायला हवा. पुढच्या लाटांतून आलेले गरीब निर्वासित या अधिकाऱ्यांच्या ओळखीचे नव्हते. त्यांच्यासाठी ते दार उघडले नाही. ओळखीवर चालणारी पत ओळखीच्या टोकाशी संपते. मेक्सिकन स्थलांतरितांची ‘तांदा’ ही तर हुबेहूब आपली भिशी. तिच्यातून दुकान निघते, कारखाना क्वचितच.

गलाईवाल्याला कारखाना हवाच कशाला, असे विचारणारे भेटतात. जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी ओळखक्रमांक बंधनकारक झाला. शुद्धतेची साक्ष माणसाच्या नावाकडून प्रयोगशाळेच्या यंत्राकडे सरकली. जुन्या शहरातल्या गल्ल्यांत तेजाबाचा धूर आता कोणी खपवून घेत नाही, आणि ते योग्यच आहे. धुराने आधी गलाईवाल्याचीच फुप्फुसे जातात. म्हणजे एक तर सीतापुऱ्यासारख्या वसाहतीत रीतसर जागा घेऊन जावे, नाहीतर मोठ्या शुद्धीकरण कारखान्यांसाठी माल गोळा करणारा दलाल व्हावे.

राष्ट्रीय हिताचा प्रश्नही यात आहे. भारतीय घरांत सुमारे २५,००० टन सोने असावे, असा जागतिक सुवर्ण परिषदेचा अंदाज आहे, आणि तरी आपण दरवर्षी शेकडो टन आयात करतो. घरातले सोने बाहेर काढण्यासाठी नोव्हेंबर २०१५ मध्ये सुवर्ण मुद्रीकरण योजना आली. मार्च २०२५ मध्ये तिच्या मध्यम व दीर्घ मुदतीच्या ठेवी बंद कराव्या लागल्या. गृहिणीचे सोने वर्षानुवर्षे सराफामार्फत ज्याच्या मुशीत येत आले, त्याला त्या योजनेत स्थान नव्हते. २०२३ च्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सोनार आहे. गलाईचा वेगळा उल्लेख नाही.

अनुदानाची मागणी मी करणार नाही. वस्तू व सेवा कराची विवरणे, टंचाच्या चिठ्ठ्यांची नोंद आणि सराफांची लेखी शिफारस यांना पतपुराव्याचा दर्जा द्यावा. चार-सहा गलाईवाल्यांनी मिळून धूरशुद्धीची सामायिक सोय उभारली, तर सूक्ष्म-लघु उद्योगांच्या समूह विकास योजनेतून तिला वाट द्यावी. दुसरी बाजू त्यांच्याकडे आहे. गावच्या मंदिराचा कळस आणि शाळेची खोली बांधायला एकत्र येणाऱ्या या लोकांनी स्वतःची पतसंस्था सांगली जिल्ह्याबाहेर, जेथे धंदा आहे तेथे, का चालवू नये? सहकाराचे बाळकडू मिळालेल्या जिल्ह्यातल्या माणसांना हे शिकवावे लागू नये.

टपरीवरच्या त्या गृहस्थाला वसाहतीत एक लहान गाळा घ्यायचा आहे. त्याच्या वाणिज्य पदवीधर पुतण्याने तीन वर्षांची विवरणे नीट लावून ठेवली आहेत. बँकेने तारण म्हणून गावच्या जमिनीचा उतारा मागितला, इतर खातेदारांच्या संमतीसह. सातबाऱ्यावर सतरा नावे आहेत. “जत्रंत समदी येत्यात, तवा सह्या घेतो,” असे तो म्हणाला. मग थांबून बोटांवर मोजू लागला. दोघे कोइमतूरला असतात, एक अमृतसरला, आणि गुवाहाटीच्या चुलतभावाला यंदा दुकान सोडता येईल की नाही, हे त्याला फोन करून विचारावे लागणार होते.