नळीला चिकटलेल्या इन्सुलिनचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत वोक्हार्टचा बायोटेक पार्क आहे. या कंपनीने २००३ साली ‘वोसुलिन’ हे जनुकतंत्राने बनवलेले मानवी इन्सुलिन बाजारात आणले. तेव्हापासून या शहराचे नाव इन्सुलिनशी जोडले गेले आहे. पण औषध तयार झाले म्हणजे ते रुग्णाच्या रक्तात पोहोचलेच, असे नाही. वाटेत काच, रबर, प्लास्टिक लागते आणि प्रथिने त्यांना चिकटतात.

इन्सुलिनचा रेणू म्हणजे एकूण ५१ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या. त्याचे पाण्याशी न जमणारे काही भाग बाहेरून उघडे राहतात आणि पाण्याला दूर ठेवणारे प्लास्टिक भेटताच त्याला धरून बसतात. कधी रेणूची घडीच विस्कटते. मग एकमेकांना लागून तंतू तयार होतात. सुरुवातीच्या काही इन्सुलिन पंपांच्या नळ्या अशाच तुंबत.

हा चिकटपणा विज्ञानाच्या उपयोगीही पडला. न्यूयॉर्कच्या सॉलोमन बर्सन आणि रोझलिन यॅलो यांनी किरणोत्सारी आयोडीन जोडलेले इन्सुलिन कागदावर तपासले. मोकळे इन्सुलिन जागीच चिकटून राही, प्रतिपिंडाने धरलेले पुढे सरके. १९५६ च्या त्या निष्कर्षातून रक्तातील संप्रेरके मोजण्याची नवी पद्धत उभी राहिली. यॅलो यांना १९७७ चे नोबेल मिळाले. बर्सन तोवर हयात नव्हते.

चिकटलेले प्रथिन मोजायचे कसे? द्रावणात किती घट झाली ते पाहणे सर्वांत सोपे; पण घट किरकोळ असली की मोजमापातल्या चुकीत ती हरवते. किरणोत्सारी खूण थेट आकडा देते, मात्र खुणेमुळे रेणूचे वागणे बदलू शकते. परावर्तित प्रकाशाच्या ध्रुवणावरून थराची जाडी काढता येते. क्वार्ट्झचा स्फटिक तर वजनच करतो. झाउअरब्रे यांच्या १९५९ च्या सूत्रानुसार ५ मेगाहर्ट्झच्या स्फटिकाची कंपने सेकंदाला एकाने घटली, तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १८ नॅनोग्रॅम भर पडली असे समजायचे. थरात अडकलेले पाणीही यात तोलले जाते, म्हणून प्रकाशाचा आणि स्फटिकाचा आकडा जुळत नाही. त्या फरकातूनच थरात पाणी किती, हे कळते.

आता वॉर्डात येऊ. १०० मिलि सलाइनमध्ये १०० युनिट इन्सुलिन मिसळले आहे. नळी दोन मीटर लांब, आतून तीन मिलिमीटर रुंद. दर चौरस मीटरला दीड मिलिग्रॅमचा थर धरला, तर आतल्या भिंतीवर सुमारे पाऊण युनिट बसते. दहा किलोच्या बाळाला तासाला एक युनिट द्यायचे असेल, तर हा पाऊण तासाचा डोस झाला. म्हणूनच असे २० मिलि द्रावण आधी नळीतून वाहू देऊन टाकून द्यावे, अशी शिफारस आहे. ती नासाडी नव्हे. त्याने नळीची भूक आधीच भागते.

औषधनिर्माणशास्त्राच्या आणि परिचर्येच्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून हे गणित प्रयोगशाळेत करून घेतले पाहिजे. बाटलीवर छापलेला आकडा बाटलीतल्या औषधाचा असतो. रुग्णाला किती मिळाले, हे नळी मोजल्याखेरीज सांगता येत नाही.