सूडाची भाडेवाढ

मुंबईच्या जुन्या चाळींतून पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांना एक अनुभव अपरिचित नाहीं. पावसाळ्यांत छप्पर गळूं लागतें. भाडेकरू मालकाला चार वेळां विनंती करतो आणि शेवटीं कंटाळून महानगरपालिकेकडे तक्रार करतो. छप्पर जसेंच्या तसें राहतें. मात्र महिन्याभरांत मालकाचें पत्र येतें कीं, पुढील महिन्यापासून भाडें दुप्पट द्यावें, नाहीं तर जागा सोडावी. ही वाढ खोलीची नव्हे, तक्रारीची आहे, हें दोघेही जाणून असतात. पत्रांत मात्र ‘वाढता खर्च’ एवढेंच कारण असतें. अशा वेळीं भाडेकरूनें काय करावें?

पहिला विचार मनांत येतो तो मालकाचा दुष्ट हेतु सिद्ध करण्याचा. परंतु दुसऱ्याच्या मनांतील हेतु साक्षीपुराव्यानें उघड करणें फार कठीण. महाराष्ट्राच्या कायद्यानें हा भार भाडेकरूवर टाकलेला नाहीं. भाडें कां वाढविलें, याच्या खोलांत कायदा शिरत नाहीं. तें किती वाढविलें, एवढेंच तो पाहतो. भाडेकरूचें खरें बळ या ‘किती’मध्यें आहे.

या ‘किती’ची मर्यादा ठरविण्याचा प्रयत्न जुना आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळांत जागांची टंचाई भासूं लागली, आणि १९१८ सालीं मुंबईंत भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. पुढें १९४७ च्या कायद्यानें १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें होतें तेंच सामान्यतः ‘प्रमाण भाडें’ मानलें. त्यामुळें असंख्य कुटुंबांच्या डोक्यावरचें छत टिकलें. पण महागाई वाढत गेली आणि भाडीं जागच्या जागीं राहिलीं. कित्येक इमारतींच्या दुरुस्तीचा खर्चही त्यांतून निघेना. भाडीं अशीं गोठवून ठेवणें अवाजवी झालें आहे, असें सर्वोच्च न्यायालयानेंच १९९७ सालीं म्हटलें. त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलांत आला.

या कायद्यानें मालकाची बाजूही लक्षांत घेतली. भाड्यांत दरसाल शेंकडा ४ वाढ करण्याचा अधिकार त्याला मिळाला. शिवाय करांत वाढ झाल्यास, किंवा ठराविक अटी पाळून इमारतींत सुधारणा केल्यास, त्यापोटींही कांहीं वाढ मागतां येते. याहून अधिक मागणें बेकायदेशीर होय. म्हणजे मासिक भाडें १,००० रुपये असेल, तर वार्षिक वाढ ४० रुपयांची. एकदम २,००० रुपयांची मागणी या हिशेबांत बसत नाहीं. तशी मागणी आल्यास भाडेकरूला प्रमाण भाडें ठरवून मागण्यासाठीं मुंबईंत लघुवाद न्यायालयाकडे, आणि असें न्यायालय जेथें नाहीं तेथें दिवाणी न्यायाधीशाकडे, अर्ज करतां येतो.

मात्र येथेंच पुष्कळ भाडेकरू चुकतात. मालकानें अन्याय केला, म्हणून रागाच्या भरांत ते भाडें देणेंच बंद करतात. कायद्याचें संरक्षण आहे तें प्रमाण भाडें व कायदेशीर वाढ देणाऱ्यास, किंवा तें देण्यास तयार असणाऱ्यास. थकलेल्या भाड्याची लेखी मागणी आल्यावर ९० दिवस लोटल्याखेरीज मालकाला त्यासाठीं जागा खालीं करून घेण्याचा दावा लावतां येत नाहीं. पण ती मुदत स्वस्थ बसण्यासाठीं नव्हे. मालक भाडें घेत नसेल, तर तें मनिऑर्डरीनें पाठवून तिची पावती जपावी. नाकारून परत आलेली मनिऑर्डरसुद्धां भाडेकरूच्या तयारीची साक्ष देते.

सूड केवळ भाड्यांतूनच उगवला जातो असें नाहीं. कधीं नळाचें पाणी तोडलें जातें, कधीं जिन्यांतला दिवा बंद होतो. योग्य कारणावांचून पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सोयी तोडण्यास कायद्याची मनाई आहे, आणि त्या पूर्ववत् करून मागण्यासाठींही न्यायालयाचें दार मोकळें आहे.

एक भेद मात्र ध्यानांत ठेवला पाहिजे. ‘लीव्ह अँड लायसन्स’च्या कराराखालीं राहणारा मनुष्य या अर्थानें भाडेकरू नव्हे. कराराची मुदत संपल्यावर त्याला जागा सोडावी लागते, आणि नव्या करारांत मालक जो आकडा घालील तो मान्य करणें किंवा दुसरी जागा शोधणें एवढेंच त्याच्या हातीं उरतें. शहरांतील कितीतरी तरुण कुटुंबें आज अशाच करारांवर राहतात. गळक्या छपराची तक्रार करण्यापूर्वीं त्यांना दहा वेळां विचार करावा लागतो, तो यामुळेंच. जुन्या चाळींतील भाडेकरूला तें भय बाळगण्याचें कारण नाहीं. भाड्याच्या पावत्या वर्षवार लावून ठेवाव्या, पत्रव्यवहार लेखी करावा, आणि वाढीचें पत्र आलें तर रागावण्यापूर्वीं तिचा हिशेब मांडावा.