सीडीत राहिलेलं गाव

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी गोसीखुर्द नावाचं गाव आहे. काहीजण गोसेखुर्दही म्हणतात. हे नाव महाराष्ट्रभर झालं ते धरणामुळे. २२ एप्रिल १९८८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते धरणाचं भूमिपूजन झालं आणि प्रकल्पाला इंदिरासागर हे नाव मिळालं. पावसाळ्यात धरणाचे ३३ दरवाजे उघडल्याची बातमी येते, तेव्हा आपण हे नाव पुन्हा वाचतो. धरणात पाणी टप्प्याटप्प्यानं चढत गेलं आणि भंडारा व नागपूर जिल्ह्यांतल्या बुडीत क्षेत्रातली गावंही एकामागून एक उठली. घरं मोजली गेली, झाडं मोजली गेली, शेतांची मोजणी झाली. गावातल्या आवाजांची मोजणी मात्र कोणत्याच कागदावर आली नाही.

तरीही काही आवाज राहिले आहेत. गावं हलण्याचा हा काळ आणि सीडीचा काळ बराचसा एकच होता. २००० नंतरच्या दशकात लग्न असो, भजनी मंडळाचा सप्ताह असो की गावची दंडार, ध्वनिमुद्रण करणारा शेवटी हातात एक चकचकीत चकती ठेवायचा. त्या चकत्या अजून कपाटात, ट्रंकेत, साड्यांच्या घडीखाली पडून आहेत. त्या वाजवायच्या कशावर, हा प्रश्न आता घरोघर आहे. नव्या लॅपटॉपला सीडीची खाच नसते आणि मोबाइलला तर कधीच नव्हती. अशा वेळी अडगळीत पडलेला एक छोटा यंत्रमित्र उपयोगी पडतो, तो म्हणजे हातात मावणारा, सेलवर चालणारा सीडी प्लेयर. आज त्याच्याविषयीच थोडं बोलू.

चालता चालता गाणं ऐकण्याची सवय जगाला लागली ती १९७९ साली सोनी कंपनीच्या वॉकमनमुळे. त्यात कॅसेट असे. १९८२ मध्ये सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून घडवलेली सीडी बाजारात आली आणि १९८४ मध्ये सोनीनं डी-५० हा सोबत नेता येणारा पहिला सीडी प्लेयर काढला. पुढे अशा प्लेयरला लोक सरसकट डिस्कमन म्हणू लागले. आज मोठ्या कंपन्यांचे जुने प्लेयर सेकंडहँड मिळतात, आणि काही छोट्या कंपन्या ब्लूटूथ असलेले नवे प्लेयरही बनवतात. म्हणजे हे यंत्र अगदीच इतिहासजमा झालेलं नाही.

आता बघा, या चकतीत आवाज असतो तरी कुठे? सीडीचा व्यास १२ सेंटीमीटर आणि जाडी १.२ मिलिमीटर. तिच्यात जिलबीच्या वेढ्यासारखी एकच लांब वाट असते. ती मधल्या भोकाजवळ सुरू होते आणि फिरत फिरत कडेपर्यंत जाते. ही वाट उलगडली, तर ती ५ किलोमीटरहून लांब भरेल. तिच्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म खुणा असतात. प्लेयरमधला लेसरचा किरण खालून त्या खुणांवर पडतो, परत फिरतो, आणि परतलेल्या उजेडाच्या कमीजास्तपणावरून यंत्र आकडे वाचतं. एका सेकंदाच्या आवाजासाठी डाव्या आणि उजव्या कानाचे प्रत्येकी ४४,१०० आकडे. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज होतो. कॅसेटसारखं इथे काही घासलं जात नाही, म्हणून सीडी वाजवल्यानं झिजत नाही. ती खराब होते आपल्या हाताळण्यानं आणि काळानं.

ओरखड्यांचंच घ्या. सीडीवर आकडे ओळीनं लिहिलेले नसतात, मुद्दाम विखरून लिहिलेले असतात. सोबत ताळा करण्याचे जादा आकडेही असतात. त्यामुळे वाटेचा सुमारे अडीच मिलिमीटरचा तुकडा पुसला गेला, तरी यंत्र आजूबाजूच्या आकड्यांवरून तो भरून काढतं. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. म्हणून केंद्राकडून कडेकडे गेलेला सरळ ओरखडा फारसा घातक नसतो, कारण तो वाटेच्या प्रत्येक वेढ्याचा अगदी छोटा भाग कापतो. वेढ्याच्या दिशेनं गेलेला गोल ओरखडा मात्र एकाच ठिकाणचे सगळे आकडे खातो आणि सीडी तिथे अडकते. सीडी पुसण्याचा नियम यातूनच निघतो. मऊ सुती कापड घ्यावं आणि मधून बाहेर, सरळ रेषेत पुसावं. ताट पुसल्यासारखं गोल गोल कधीच पुसू नये.

दुसरी गोष्ट अनेकांना उलटी वाटेल. सीडीची नाजूक बाजू चकचकीत नसून नाव लिहिण्याची आहे. खालून प्लॅस्टिकचा चांगला जाड थर असतो. वरून मात्र चमकणाऱ्या मुलाम्यावर केवळ रंगाचा आणि लाखेसारखा पातळ लेप असतो. त्या बाजूला टोकदार बॉलपेननं लिहिलं किंवा चिकटवलेला कागद ओढून काढला, की मुलामाच निघून येतो. तो परत बसवता येत नाही. सीडी उजेडासमोर धरून पाहा. टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली, तर तेवढा आवाज गेला असं समजा.

आता प्रत्यक्ष वाजवू या. प्लेयरमध्ये बहुधा दोन पेन्सिल सेल लागतात. वापर नसेल तेव्हा ते काढून ठेवावेत, कारण सेल पाझरले की आतल्या पट्ट्या गंजतात. झाकण उघडल्यावर मधल्या खुंटीवर सीडी ठेवून, भोकाजवळ दोन बोटांनी दाबून 'टक्' असा आवाज होईपर्यंत बसवावी. शेजारी बारीक मण्यासारखं दिसतं ते लेसरचं भिंग. त्याला बोट लावू नये. धूळ असेल तर रबरी फुग्याची हवा मारावी. बटणं दाबूनही प्लेयर ढिम्म असेल, तर दुरुस्तीवाल्याकडे धावण्यापूर्वी कडेची 'होल्ड'ची पट्टी पाहावी. खिशात चुकून बटण दाबलं जाऊ नये म्हणून दिलेलं ते कुलूप असतं, आणि अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

पवनीहून एसटीनं निघालात, तर खड्ड्याखड्ड्याला गाणं तुटेल अशी भीती वाटते. त्यावर १९९० च्या दशकात उपाय निघाला. प्लेयर सीडी थोडी पुढे वाचून ठेवतो, आणि काही सेकंदांचा आवाज स्मरणात साठवतो. गाडी आदळली, किरण वाट चुकला, तरी तेवढ्या वेळात तो वाट शोधतो, आणि तोवर आपल्या कानात साठवलेला आवाज वाजत राहतो. घरी टेबलावर याची गरज नसते. काही प्लेयर या सोयीसाठी आवाज थोडा दाबून साठवतात, म्हणून बटण असेल तर घरी ही सोय बंद ठेवलेली बरी. विदर्भाच्या मे महिन्यात प्लेयर किंवा सीडी बंद गाडीत ठेवू नये, आणि उन्हात तर मुळीच नको. घरी किंवा दुकानात लिहिलेल्या सीडीमध्ये आवाज एका रंगाच्या थरात असतो, आणि तो रंग उन्हानं विटतो.

सीडी लावली आणि वाजलीच नाही, तर ती मेली असं लगेच ठरवू नका. आधी प्रकार ओळखा. नेहमीची ऑडिओ सीडी ७४ ते ८० मिनिटांची असते. ती कोणत्याही प्लेयरवर चालते. एमपीथ्री सीडीत आवाज दाबून भरलेला असतो, तिच्यात १० ते १२ तास सहज मावतात. पण ती वाजवणारा प्लेयर त्या सोयीचाच लागतो. लग्नाची सीडी बहुधा व्हीसीडी असते, म्हणजे चित्रासह. ती अशा प्लेयरवर सहसा चालणार नाही, तिला जुना डीव्हीडी प्लेयर किंवा संगणक हवा.

मग एवढं सगळं असताना, हा छोटा प्लेयरच का? त्याचं कारण माझ्या ओळखीतल्या एका घरानं मला दाखवलं. हे कुटुंब वैनगंगेकाठच्या बुडीत गावातून पुनर्वसनात आलेलं. त्यांच्याकडे जुन्या अंगणातल्या हळदीच्या गाण्यांची एक सीडी होती. मुलगा ती शहरातून संगणकात उतरवून घेऊन आला. सगळी गाणी नीट उतरली होती. पण गाणाऱ्या बायका कोण, हे त्याला सांगता येईना. तो तेव्हा लहान होता. मग तोच प्लेयर आणि एक छोटा स्पीकर घेऊन तो गल्लीतल्या एका म्हातारीकडे गेला. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि एकेक आवाजाचं नाव घेत गेली. ही अमक्याची सून, ही तमक्याची बहीण, ही गेली, ही लेकीकडे असते. मध्येच गाणं थांबून कोणीतरी विचारतं, 'चाय झाली का वो?' मागे विहिरीचा रहाट कुरकुरतो. म्हातारी म्हणाली, हा रहाट आमच्याच विहिरीचा. ती विहीर आता पाण्याखाली आहे.

मंडळी, सीडीत आवाज राहतो, नाव राहत नाही. नाव माणसाच्या कानात असतं, आणि ते कान म्हातारे होत आहेत. संगणक उचलून म्हाताऱ्यांच्या बाजेपर्यंत नेणं जमत नाही. प्लेयर पिशवीत मावतो, सेलवर चालतो, वीज गेली तरी अडत नाही. थांबवा, मागे न्या, पुन्हा लावा, ही बटणं जणू याच कामासाठी आहेत. हेडफोन म्हाताऱ्या माणसांना अवघड वाटतो. त्याच खाचेत छोटा स्पीकर जोडावा. आवाज मोठा करण्याआधी मध्यम ठेवून विचारावं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावा. कान जपले तर ओळखीही जपल्या जातील.

आवाजाला नाव जोडण्याचं मोल महाराष्ट्राला नवं नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कित्येकांचं ध्वनिमुद्रण बर्नार बेल यांनी केलं, आणि २०१७ पासून पारी या संस्थेनं तो ठेवा लोकांसमोर मांडला. त्या संग्रहाची खरी ताकद मला संख्येत दिसत नाही. ओवीसोबत गाणारणीचं नाव आणि तिचं गाव लिहिलेलं आहे, यात ती दिसते. आमच्या घरात बोलणं हिंदुस्थानी, पण दळायला बसली की आईच्या तोंडी ओवी मराठीच येई. ती कोणी टिपली नाही. म्हणून ज्यांच्याकडे टिपलेलं आहे, त्यांच्या भाग्याचा मला हेवा वाटतो.

शेवटी नक्कल करण्याविषयी. इथे एक फसगत नेहमी होते. संगणकात ऑडिओ सीडी उघडली, की सीडीए नावाच्या चिमुकल्या फाइली दिसतात. त्या ओढून पेनड्राइव्हवर टाकल्या तर काहीच वाजत नाही, कारण त्यांत आवाज नसतो, आवाजाचा नुसता पत्ता असतो. सीडीतून आवाज काढणारं सॉफ्टवेअर वापरून 'वेव्ह' प्रकारात उतरवावं. तासाभराला सुमारे ६३५ एमबी जागा लागते. ती मूळ प्रत. नातेवाइकांना पाठवायला एमपीथ्री करावी, ती तासाला ६० एमबीच्या आत बसते. प्रती दोन करा, आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा. प्रत्येकीसोबत एक साधा मजकूर जोडा: कोण गातं, कोणत्या गावात, कोणत्या वर्षी, कोणाच्या अंगणात. मूळ सीडी मात्र टाकू नका. कडेनं धरा, डबीत उभी ठेवा.

धरणाच्या पाण्यावर शेतं भिजावीत, त्याबद्दल कोणाचं दुमत नाही. पण ज्यांनी गाव दिलं, त्यांच्या हातात गावाचा आवाज तरी असावा. त्यासाठी सरकारी योजनेची वाट पाहण्याचं कारण नाही. एक जुना प्लेयर, दोन सेल, एक वही आणि शेजारची आजी एवढं पुरतं. आज रविवार आहे. कपाट उघडायला हरकत नाही.