फ्रीने सोडलेली जागा

‘ऑल राइट नाऊ’चं कडवं एकदा नीट कान देऊन ऐका. गिटार आहे, ड्रम्स आहेत, पॉल रॉजर्सचा दाणेदार आवाज आहे. बेस मात्र नाही. ध्रुवपद आलं की अँडी फ्रेझर बेस वाजवायला लागतो आणि गाण्याला अचानक जमीन सापडते. १९७० साली हे गाणं ध्वनिमुद्रित झालं तेव्हा फ्रेझर १७ वर्षांचा होता. त्या वयात हातात वाद्य असून गप्प राहायला फार मोठी समज लागते. फ्री या बँडचं सगळं मोठेपण मला त्या गप्प राहण्यात दिसतं.

एप्रिल १९६८मध्ये लंडनच्या बॅटरसी भागातल्या ‘नॅग्ज हेड’ या पबमध्ये चार पोरं एकत्र जमली. रॉजर्स आणि ड्रमर सायमन कर्क १८ वर्षांचे, गिटारवाला पॉल कॉसॉफ १७चा, आणि फ्रेझर तर अवघा १५चा. तरी तो जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स या बँडमध्ये थोडे दिवस वाजवून आला होता. ब्रिटिश ब्लूजमधले वडीलधारे अलेक्सिस कॉर्नर यांनी या पोरांना नाव दिलं : फ्री.

लंडनमध्ये तेव्हा ब्लूजचा सुकाळ होता आणि बहुतेकांचा भर वेगावर, आवाजावर, लांबच लांब सोलोंवर होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये याच वळणाच्या क्रीम या बँडने रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम केला. फ्रीची पोरं उलट्या वाटेने गेली. लय संथ, सूर मोजके, आणि दोन सुरांमध्ये भरपूर मोकळी जागा. कॉसॉफ पूर्वी चेरिंग क्रॉस रोडवरच्या सेल्मरच्या वाद्यांच्या दुकानात नोकरी करायचा. बोटं पळवण्यात त्याला रस नव्हता. तो एक सूर धरायचा आणि तार हलवत हलवत त्याला असं आंदोलन द्यायचा, की गिटार हुंदका देतेय असं वाटावं. त्याच्या पिढीत त्याच्यापेक्षा जलद वाजवणारे पुष्कळ होते. एका सुरात इतकं काही सांगणारा दुसरा मला तरी आठवत नाही.

पहिले दोन अल्बम फारसे खपले नाहीत. मग डरॅममधल्या एका कार्यक्रमात श्रोते अगदीच थंड निघाले. मंडळी स्टेजवरून उतरेपर्यंत टाळ्या विरल्यासुद्धा. ड्रेसिंग रूममध्ये सगळे हिरमुसून बसले असताना फ्रेझर ‘ऑल राइट नाऊ’ एवढेच शब्द घोळवत गुणगुणायला लागला. आपल्याकडे लोकांना नाचवील असं एकही गाणं नाही, ही खंत त्यामागे होती. त्या गुणगुणण्याचं गाणं झालं. ते ब्रिटनमध्ये दुसऱ्या आणि अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर पोचलं. ऑगस्टच्या अखेरीस आइल ऑफ वाइटच्या महोत्सवात ही पोरं उभी राहिली तेव्हा समोर काही लाखांचा समुदाय होता.

त्या यशाने मात्र घडी विस्कटली. आता दर वेळी तसंच गाणं हवं होतं. डिसेंबर १९७०मध्ये ‘हायवे’ हा शांत, सुंदर अल्बम आला आणि पडला. गाणी लिहिणारे रॉजर्स आणि फ्रेझर यांचं एकमेकांशी पटेना. १९७१मध्ये बँड फुटला. त्याच सुमारास त्यांचं ‘माय ब्रदर जेक’ हे गाणं चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं.

सर्वांत जास्त कोसळला तो कॉसॉफ. अमली पदार्थांच्या विळख्यात तो आधीच सापडत चालला होता. १९७२च्या सुरुवातीला चौघं पुन्हा एकत्र आले, ते मुख्यतः त्याला सावरायला. हे मला या मंडळींबद्दल फार जवळचं वाटतं. पण ते साधलं नाही. काही महिन्यांत फ्रेझर बाहेर पडला. त्याच्या जागी तेत्सु यामाउची आला, कीबोर्डवर जॉन ‘रॅबिट’ बंड्रिक आला. जानेवारी १९७३च्या ‘हार्टब्रेकर’ या शेवटच्या अल्बमच्या वेष्टनावर कॉसॉफचं नाव शोधावं लागतं. ते बँडच्या सदस्यांत नाही, इतर साथीदारांत आहे. ज्याच्या गिटारने फ्रीची ओळख घडवली, तो स्वतःच्याच बँडमध्ये पाहुणा झाला होता. मला ती यादी आजही वाचवत नाही.

१९७३मध्ये फ्री कायमचा संपला. रॉजर्स आणि कर्क यांनी बॅड कंपनी हा बँड काढला आणि अमेरिकेत अमाप यश मिळवलं. कॉसॉफने बॅक स्ट्रीट क्रॉलर हा नवा बँड उभा केला. १९ मार्च १९७६ रोजी लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात त्याने प्राण सोडला. वय २५.

त्याचे वडील डेव्हिड कॉसॉफ नामवंत नट. बायबलमधल्या गोष्टी रंगवून सांगणारे म्हणून ब्रिटनमध्ये घरोघरी माहीत असलेले. मुलगा गेल्यावर ते एकट्याने रंगमंचावर उभे राहायचे आणि त्याच्या मरणाची, घरावर कोसळलेल्या त्या दुःखाची कहाणी गावोगावच्या लोकांना सांगायचे. अमली पदार्थांविरुद्धचं हे काम त्यांनी २००५मध्ये स्वतःचे डोळे मिटेपर्यंत सोडलं नाही.