भवानीचा कौल

सन १६५९मध्ये विजापूर दरबारचा मातबर सरदार अफजलखान बारा हजार स्वारांनिशी शिवाजी महाराजांच्या स्वराज्यावर चालून निघाला आणि वाटेत त्याने भोसल्यांची कुलदेवता जी तुळजापूरची भवानी तिला उपद्रव दिला, असे कृष्णाजी अनंत सभासद आपल्या बखरीत सांगतो. त्याच वर्षी सप्टेंबरात महाराजांच्या पत्नी सईबाई निवर्तल्या होत्या. अशा घोर प्रसंगी देवीने महाराजांना दर्शन देऊन अभय दिले, ही हकीकत सभासदाचीच. परंतु आपले बरेवाईट झाल्यास राज्य कसे चालवावे याची निरवानिरव आणि अंगरख्याखालची जरीची (चिलखती) कुडती हेही तोच नमूद करतो, आणि मला तरी देवीवरची श्रद्धा आणि ही तयारी या दोहोंत विसंगती दिसत नाही. प्रार्थनेने शत्रूचे स्वार घटत नाहीत. भयाने गोठलेले चित्त मात्र हुकूम सोडण्याइतके मोकळे होते. १० नोव्हेंबरास खान पडला, आणि पुढे प्रतापगडावर भवानीची प्रतिष्ठापना झाली.

तुळजापुरी मंदिराच्या परिसरात चिंतामणी नावाचा वाटोळा पाषाण आहे. कर्ज, दुखणे, कज्जा, जे संकट असेल ते मनात धरून भाविक त्यावर दोन्ही तळहात टेकतो. दगड उजवीकडे वळला तर होकार, डावीकडे वळला तर नकार, हललाच नाही तर विलंब. महाराजही मोहिमेपूर्वी येथे कौल घेत, अशी आख्यायिका आहे. इतिहासाच्या दप्तरात तिला जागा नसली, तरी रांगेत उभ्या असलेल्याला तिचा आधार पुरतो.