केबल टीव्हीची तक्रार कुणाकडे करायची? जालनेकरांसाठी सोपी माहिती

जालना : बिल वाढले, सिग्नल गेला, दूरदर्शन दिसेनासे झाले किंवा स्थानिक केबल वाहिनीवर अफवाच बातमी म्हणून चालली. तक्रार कोणतीही असो, ग्राहक जातो गल्लीतल्या केबलवाल्याकडेच. कायद्यात मात्र प्रत्येक तक्रारीचे ठिकाण वेगळे आहे. त्यातले एक महत्त्वाचे ठिकाण जालन्यातच आहे, ते म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालय.

जिल्हाधिकारी काय करू शकतात?

केबल टेलिव्हिजन नेटवर्क (नियमन) कायदा १९९५ चा आहे. त्यानुसार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी आणि पोलिस आयुक्त हे ‘प्राधिकृत अधिकारी’ असतात. जालन्यात पोलिस आयुक्तालय नसल्याने हे अधिकार जिल्हाधिकारी आणि उपविभागीय अधिकाऱ्यांकडे आहेत. नोंदणीशिवाय केबल चालवणाऱ्याची यंत्रसामग्री ते जप्त करू शकतात. धर्म, जात, भाषा यांवरून तेढ वाढवू शकेल असा कार्यक्रम आदेश काढून थांबवू शकतात. दूरदर्शनच्या ठरवून दिलेल्या वाहिन्या दाखवणेही केबलचालकावर बंधनकारक आहे.

समिती कशासाठी?

केबलवरील आशयाच्या तक्रारी ऐकण्यासाठी केंद्र सरकारने जिल्हा पातळीवर संनियंत्रण समितीची तरतूद केली आहे. अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. पोलिस अधीक्षक, जिल्हा माहिती अधिकारी, महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य, महिला आणि बालकल्याणासाठी काम करणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधी यांचा समितीत समावेश असतो.

हे महत्त्वाचे का?

२६ फेब्रुवारी २०२४ रोजी मराठा आरक्षण आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर अंबड तालुक्यात संचारबंदी लागली. जालन्यासह छत्रपती संभाजीनगर आणि बीड जिल्ह्यांत इंटरनेटही काही तास बंद होते. अशा वेळी मोबाइल शांत असतो, पण घरातला टीव्ही सुरू असतो. तेव्हा स्थानिक वाहिनीवरची एक चुकीची ओळही वातावरण बिघडवू शकते. दुसरी बाजूही आहे. प्रसारण थांबवण्याचा हाच अधिकार अडचणीच्या बातमीवरही वापरला जाऊ शकतो. त्यामुळे आदेश कुणी काढला, कोणत्या कारणाने काढला, हे विचारण्याचा हक्क प्रेक्षकांनी सोडू नये.

काय बदलले?

* करमणूक शुल्क : पूर्वी महसूल विभाग केबल जोडण्यांवर शुल्क घेत असे. त्या निमित्ताने जोडण्यांचा हिशेब जिल्हा प्रशासनाकडे येई. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि हा हिशेब घेण्याचे कारणच संपले.
* नोंदणी : पूर्वी स्थानिक केबलचालकाची नोंदणी मुख्य टपाल कार्यालयात होई. १७ जानेवारी २०२५ पासून ती माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या पोर्टलवर होते. मुदत ५ वर्षे, शुल्क ५,००० रुपये.
* शिक्षा : २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तुरुंगवासाची तरतूद काढली. आता समज, ताकीद आणि आर्थिक दंडावर भर आहे.

थोडक्यात, शुल्क आणि नोंदणी ही दोन्ही कामे जिल्ह्याबाहेर गेली. जिल्ह्यात उरली ती देखरेख, आणि ती बरीचशी लोकांच्या तक्रारींवर चालते.

तक्रार कुठे करायची?

* बिल, सिग्नल, सेट-टॉप बॉक्स : आधी कंपनीचे ग्राहक सेवा केंद्र. तक्रार क्रमांक नक्की घ्या. काम झाले नाही तर कंपनीचे नोडल अधिकारी, नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ किंवा जिल्हा ग्राहक आयोग. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ नियम ठरवते, वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही.
* स्थानिक वाहिनीवरील मजकूर, दूरदर्शन न दिसणे, विनानोंदणी केबल : जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकारी.
* उपग्रह वाहिनीवरील कार्यक्रम : आधी थेट त्या वाहिनीकडे. २०२१ च्या नियमांनुसार वाहिनीने १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो.
* निवडणुकीतील राजकीय जाहिरात : जिल्ह्याची माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती.

अर्जात काय लिहावे?

वाहिनीचे नाव, तारीख, वेळ, काय दाखवले आणि आक्षेप काय, एवढे पुरेसे. शक्य असल्यास मोबाइलवर घेतलेले चित्रण जोडा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. तरीही हालचाल झाली नाही, तर १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात समितीच्या बैठकांची इतिवृत्ते आणि आपल्या अर्जावर झालेली कार्यवाही मागता येते.